रिले टेस्टमध्ये ओके येतो, तरी ११ केव्ही फिडरऐवजी इनकमर का ट्रिप होतो?

तुमचा प्रश्न असा आहे की ३३/११ केव्ही सबस्टेशनला एका ११ केव्ही फिडरवर (गावांकडे जाणारी एक लाइन) फॉल्ट आला की त्या फिडरचा ब्रेकर पडायच्या, म्हणजे उघडून लाइन तोडायच्या, ऐवजी इनकमरच, म्हणजे सगळ्या फिडरांना वीज देणारा मुख्य ब्रेकर, पडतो, सगळी गावं एकदम अंधारात जातात, आणि टेस्टिंगवाल्यांनी तर फिडरचा रिले, म्हणजे जास्त करंट ओळखून ब्रेकरला पडायचा हुकूम देणारं यंत्र, ओके असा रिपोर्ट दिलाय, मग चूक कुठं शोधायची. मी बावीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीत, जुने फिरत्या डिस्कचे सीडीजी रिले पण केलेत आणि आताचे इलेक्ट्रॉनिक न्यूमेरिकल पण, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर नुसतं रिलेत शोधलं तर सापडत नाही.

पहिली गोष्ट, ट्रिपिंग झाल्यावर शिफ्टवाल्या ऑपरेटरने फ्लॅग रिसेट करायच्या आधी कुठले फ्लॅग (कुठल्या रिलेने काम केलं ते दाखवणारी खूण) पडलेत ते लिहून ठेवलं का? हे विचारा. बहुतेक ठिकाणी घाईत आधी रिसेट मारतात मग रजिस्टरमध्ये 'ओव्हरकरंट' असं मोघम लिहितात, आणि सगळा पुरावा तिथंच जातो. मोबाईल सगळ्यांकडे आहे, फोटो काढायला दहा सेकंद लागतात. फिडरच्या रिलेचा फ्लॅग पण पडला आणि इनकमरचा पण पडला, तर फिडरच्या रिलेने त्याचं काम केलंय, ब्रेकरने केलं नाही किंवा उशिरा केलं. फक्त इनकमरचा फ्लॅग पडला आणि फिडरचा रिले गपचूप बसलाय, तर फिडरच्या रिलेपर्यंत करंट पोचलाच नाही किंवा त्याचं सेटिंग इनकमरपेक्षा हळू आहे. आणि इनकमरचा इन्स्टंटेनियसचा (वेळ न लावता लगेच पाडणाऱ्या भागाचा) फ्लॅग पडला असेल तर ती तिसरीच भानगड. या तीन वाटांपैकी तुमची कुठली ते कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

आता दुसऱ्या वाटेबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो, तो मला अजून टोचतो. नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती, एका सबस्टेशनला पावसाळ्याआधीचं टेस्टिंग केलं, सगळे फिडर एका दिवसात उरकायचे होते. टेस्ट करताना आपण टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर सीटीच्या (लाइनचा मोठा करंट लहान करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) बाजूला शॉर्टिंग लिंक लावतो, म्हणजे सीटीची टोकं आपसांत जोडतो आणि करंट रिलेकडे न जाता तिथूनच फिरतो, कारण चालू लाइनवर सीटीचं सेकंडरी उघडं राहिलं तर तिथं हजारो व्होल्ट तयार होतात, माणूस जाऊ शकतो आणि सीटी पण फुटू शकतो. मग रिलेच्या बाजूने टेस्टिंग किटने करंट सोडून टेस्ट घेतो. टेस्ट झाली, रीडिंग मस्त आली, आणि मी एका फिडरच्या लिंक काढायला विसरलो. तिन्ही फेजच्या. पॅनेलवरचा अ‍ॅमीटर नीट करंट दाखवत होता कारण तो सीटीच्या मीटरिंगच्या वेगळ्या कोअरवर (गुंडाळीवर) होता आणि रिले प्रोटेक्शनच्या कोअरवर, म्हणून कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. दोन महिन्यांनी पावसात त्या फिडरवर झाडाची फांदी पडली, रिलेला काहीच कळलं नाही, इनकमर पडला. ऑपरेटरने इनकमर परत घेतला, फॉल्ट जागेवरच, परत पडला. मग सगळे फिडर उघडून एकेक घेत बसला तेव्हा सापडला. तेवढ्या वेळात पाणीपुरवठ्याचा फिडर बंद, ग्रामीण रुग्णालयाचा फिडर बंद, आणि फॉल्टच्या जागी तारा वितळून रस्त्यावर पडलेल्या. कुणी माणूस त्याखाली नव्हता एवढंच.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तोच रिले परत किटवर टेस्ट केला तर तो एकदम बरोबर! पिकअप (किती करंटला रिले हलायला लागतो ते) बरोबर, टायमिंग बरोबर. कारण मी करंट सोडतच होतो लिंकच्या अलीकडून, रिलेच्या बाजूने. मग आमच्या सिनियर साहेबांनी मिलीअँपिअर दाखवणारा टाँग टेस्टर (वायर न सोडता तिच्याभोवती लावून करंट मोजणारा मीटर) मागवला आणि रिलेच्या मागच्या वायरवर लावायला सांगितला. अ‍ॅमीटरवर १२० अँपिअर, सीटी ३००/१, म्हणजे रिलेच्या वायरमध्ये ०.४ अँपिअर दिसायला पाहिजे, दिसत होता शून्य. तेव्हापासून मी टेस्ट संपवून, लाइन चार्ज झाल्यावर, प्रत्येक फेजच्या वायरमध्ये लोड करंट मोजल्याशिवाय सबस्टेशन सोडत नाही. न्यूमेरिकल रिले असेल तर सोपंच आहे, डिस्प्लेवर तिन्ही फेजचे करंट बघायचे आणि अ‍ॅमीटरशी ताडून बघायचे. तुमच्या केसमध्ये मला हाच संशय सगळ्यात जास्त येतोय, कारण 'रिले ओके' आणि 'फिडर पडत नाही' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

आता सेटिंगकडे. आयडीएमटी रिलेचा (करंट जितका जास्त तितका लवकर पडणारा) हिशोब असा असतो की टाइम = टीएमएस × ०.१४ भागिले (पीएसएमचा ०.०२ वा घात वजा १). टीएमएस म्हणजे रिलेचा वेळ कमीजास्त करायचं सेटिंग, प्लग सेटिंग म्हणजे किती करंटपासून रिले काम सुरू करतो ते, आणि पीएसएम म्हणजे प्लग सेटिंगच्या किती पट करंट आलाय ते. टीएमएस १ वर ठेवला तर दुप्पट करंटला साधारण १०.०३ सेकंद, पाचपटीला ४.२८, दहापटीला २.९७, हे तीन आकडे टेस्टिंगवाल्याला पाठ असतात. उदाहरण धरा, फिडरचा सीटी ३००/१, प्लग १०० टक्के, टीएमएस ०.१, इनकमरचा सीटी ६००/१, प्लग १०० टक्के, टीएमएस ०.१७५. फॉल्ट ३००० अँपिअरचा आला. फिडरला तो दहापट, म्हणजे ०.३ सेकंद. इनकमरला पाचपट, म्हणजे ०.७५ सेकंद. मधे ०.४५ सेकंदाचं अंतर राहिलं, डिस्कच्या रिलेंना साधारण ०.४ तरी ठेवतात म्हणून हे चालतं. आता कुणीतरी उन्हाळ्यात फिडर सारखा पडतो म्हणून टीएमएस ०.१ चा ०.२ करून ठेवला, तर फिडरला ०.६ सेकंद लागतात आणि मधे उरतात जेमतेम ०.१५. रिले टेस्टला लावला तर ०.२ च्या हिशोबाने तो पासच होणार! रिपोर्टमध्ये ओके. पण शेजारच्या रिलेबरोबर त्याचं जमत नाही हे त्या रिपोर्टमध्ये कुठंच दिसणार नाही. म्हणून रिपोर्ट बघताना फिडर आणि इनकमर दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी मांडा आणि तीन-चार वेगवेगळ्या फॉल्ट करंटला दोघांचा टाइम काढून बघा, कागद-पेन्सिलवर अर्ध्या तासाचं काम आहे.

इन्स्टंटेनियसचं पण तेच. इनकमरवर हायसेट (हेच इन्स्टंटेनियस) चालू ठेवला असेल आणि तो फिडरच्या फॉल्ट करंटच्या खाली असेल तर जवळच्या फॉल्टला इनकमर फिडरची वाटच बघणार नाही. ११ केव्ही इनकमरवर हायसेट बंदच पाहिजे, माझं तरी स्पष्ट मत आहे.

आता ब्रेकर. ते जे ०.४ सेकंद ठेवतो ना, त्यात फिडरच्या ब्रेकरला उघडायला लागणारा वेळ धरलेला असतो, चांगला ब्रेकर शंभर मिलिसेकंदांच्या आत उघडतो. पण ग्रीस वाळलेलं, ट्रिप कॉइलचा (ब्रेकर सोडवणारी कॉइल) प्लंजर चिकटलेला, बॅटरीचं व्होल्टेज उतरलेलं, यातलं काहीही असलं तर तोच ब्रेकर अर्धा सेकंद घेतो आणि तेवढ्यात इनकमर पडून जातो. त्यामुळे रिलेची टेस्ट घेताना निदान एकदा तरी रिलेच्या काँटॅक्टनेच खरा ब्रेकर पाडून बघायचा, पॅनेलवरच्या स्विचने नाही. आणि महिनोन्महिने न हललेल्या ब्रेकरचं पहिलं ऑपरेशन सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा हलला की तो सुटतो आणि दुसऱ्या वेळी छान चालतो, मग तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. ट्रिप कॉइल ७० टक्के डीसीवर पण चालली पाहिजे, म्हणजे ११० व्होल्टची बॅटरी असेल तर ७७ व्होल्टवर, ते पण बघून घ्या.

हेच रिलेला पण लागू आहे. खूप जण रिले उघडतात, ब्रशने धूळ काढतात, काँटॅक्ट साफ करतात आणि मग टेस्ट घेतात. असं करू नका हो. आधी जसा आहे तसा टेस्ट घ्या, रीडिंग लिहा, मग साफ करा, मग परत टेस्ट. पहिलं रीडिंग हेच खरं, फॉल्टच्या रात्री तो रिले तसाच होता. मी असे सीडीजी बघितलेत की मॅग्नेटच्या फटीत लोखंडाचा बारीक कण अडकून डिस्क एका जागी थबकते, आतमध्ये पाल मेलेली असते, आणि साफ केल्यावर तोच रिले घड्याळासारखा चालतो. टेस्ट घेताना दहापट करंट जास्त वेळ सोडून ठेवू नका, कॉइल तापते, आणि दोन शॉटच्या मधे डिस्क पूर्ण मागे येऊ द्या नाहीतर टाइम कमी येतो. जुन्या सीडीजीची एक गोष्ट मला फार आवडते, प्लग बदलताना पिन काढली की रिले आपोआप सगळ्यात वरच्या सेटिंगवर जातो, म्हणजे सीटी उघडा पडत नाही. ज्याने ते डिझाइन केलं त्याने पॅनेलसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

न्यूमेरिकल असेल तर धूळ-डिस्कचा प्रश्न नाही पण चुका वेगळ्या. टेस्टसाठी एखादं फंक्शन डिसेबल केलं आणि परत चालू करायचं राहिलं, सीटी रेशो चुकीचा टाकला, १ अँपिअर आणि ५ अँपिअरची टर्मिनल वेगळी असतात तिथं वायर भलतीकडे लावली. तिथं इव्हेंट लॉग काढा, मिलिसेकंदांत सगळं दिसतं, कोण आधी पिकअप झाला, ट्रिप कधी दिली, ब्रेकर कधी उघडला.

रिले चांगला असून सेटिंगमुळे किती मोठं होऊ शकतं याचं आपल्याच देशातलं उदाहरण म्हणजे ३० आणि ३१ जुलै २०१२. ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर लाइन डिस्टन्स रिलेच्या (व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती लांब ते ओळखणारा रिले) झोन ३ वर, म्हणजे लांबच्या फॉल्टसाठीच्या टप्प्यावर, पडली, लाइनवर फॉल्ट नव्हताच, लोड इतका वाढला होता आणि व्होल्टेज इतकं उतरलं होतं की रिलेला तो लांबचा फॉल्ट वाटला. आधीच बाकीच्या लाइन कमी होत्या, त्यात ही गेली आणि उत्तरेचं ग्रिड बसलं, दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. किटवर लावला असता तर तो रिले पासच झाला असता.

एक विनंती मात्र मनापासून. इनकमर पडतोय म्हणून कुणी सांगेल की इनकमरचा टाइम वाढवा, किंवा फिडरचा अर्थफॉल्ट रिले (जमिनीत जाणारा करंट ओळखणारा) सारखा त्रास देतो तर तो बायपास करा. करू नका. तार तुटून कोरड्या रानात पडते तेव्हा करंट फार थोडा असतो, ओव्हरकरंटला तो दिसतच नाही, तिथं फक्त कमी सेटिंगचा अर्थफॉल्टच काय ते करू शकतो. सकाळी मोटर चालू करायला निघालेला शेतकरी, बांधावर चरणारी जनावरं, यांच्यासाठी तो रिले आहे.

तर उद्या असं करा. लोड चालू असताना, तुमच्या टेस्टिंगच्या माणसाला बरोबर घेऊन, कुठलीही सीटीची वायर न सोडता, मिलीअँपिअरचा टाँग टेस्टर फिडरच्या रिलेला येणाऱ्या प्रत्येक वायरला लावा आणि अ‍ॅमीटरचं रीडिंग भागिले सीटी रेशो बरोबर येतं का बघा. शून्य आलं तर टेस्ट ब्लॉकवरच्या लिंक बघा. बरोबर आलं तर फिडरचं आणि इनकमरचं सेटिंग शेजारी मांडा, ते पण बरोबर निघालं तर परमिट घेऊन ब्रेकरचा टाइम मोजा, पहिल्याच ऑपरेशनचा.