दंतवैद्यांचे प्रश्न : रील, फोटो आणि एक तारा

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी स्वतःचा दवाखाना सुरू केला. गेल्या सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर सुमारे ४० पोस्ट टाकल्या. त्यांत सणांच्या शुभेच्छा होत्या, रूट कॅनलचे एक्स-रे होते, नव्या यंत्राचे फोटो होते. ९०० फॉलोअर झाले. मात्र त्यांतील निम्मे माझे वर्गमित्र आणि अन्य दंतवैद्य आहेत, आणि पोस्ट पाहून आलेले रुग्ण केवळ दोन. एक एजन्सी महिन्याला ३० पोस्ट करून देण्यास तयार आहे. हे काम तिच्याकडे सोपवावे का?

उत्तर : आपल्या पोस्ट दंतवैद्यांना आवडतात, कारण त्या नकळत दंतवैद्यांसाठीच तयार झाल्या आहेत. रूट कॅनलचे भरण मुळाच्या टोकाशी नेमके कोठे थांबले आहे, हे पाहून आपला वर्गमित्र दाद देईल; रुग्णाला त्याच एक्स-रेमध्ये काही काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात. दाढ ठणकत असूनही महिनोन्‌महिने दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस रात्री फोन चाळत असतो, तेव्हा आपले कौशल्य तोलण्याची त्याची कुवतही नसते आणि इच्छाही नसते. खुर्चीत बसल्यावर माझे काय होणार, दुखू लागले तर डॉक्टर थांबतील का, इतके दिवस आलो नाही म्हणून बोलणी बसतील का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. आपल्या ४० पोस्टपैकी किती पोस्ट यातील एका तरी प्रश्नाचे उत्तर देतात, ते आधी मोजून पाहावे.

माझ्या दवाखान्यात सर्वाधिक उपयोगी पडलेली रील ४० सेकंदांची आहे आणि तिच्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही. आमची साहाय्यिकाच खुर्चीत बसली आहे. मी कापसाच्या बोळ्यावर बधिरतेचे जेल घेऊन तिच्या हिरडीला लावतो, थोडा वेळ थांबतो, मग इंजेक्शन सावकाश देतो, आणि ओठ जड वाटू लागेपर्यंत काम सुरू करत नाही. मधेच ती डावा हात वर करते आणि मी लगेच थांबतो. हात वर केला की डॉक्टर थांबतात, एवढे दृश्य पाहून आलेल्या एका गृहस्थांनी खुर्चीत बसल्याबरोबर विचारले, ‘डावाच हात ना?’

या रीलमध्ये ड्रिलचा आवाज मी मुद्दाम ठेवलेला नाही. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या त्या हँडपीसची शिट्टी आपल्या कानांना सवयीची असली, तरी घाबरलेल्या माणसाचा अंगठा ती ऐकताक्षणी पुढच्या रीलवर जातो. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असतात, म्हणून बोललेले शब्द पडद्यावर लिहिलेले असावेत आणि ते तळाशी नसावेत, कारण तेथे कॅप्शन आणि खात्याचे नाव त्यांना झाकून टाकते.

आता एजन्सीविषयी. महिन्याला ३० पोस्टचा मजकूर तिला आपल्या दवाखान्यातून मिळणार नाही. तो तयार साच्यांतून येईल, आणि हसऱ्या दाढेचे तेच चित्र वेगळ्या नावाखाली दुसऱ्या दवाखान्याच्या पानावरही झळकेल. २० मार्चला, जागतिक मौखिक आरोग्य दिनी, एकदा आपल्या ओळखीच्या दवाखान्यांची पाने पाहावीत म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. लाइक मिळतील, पण दात कोरून पोट भरत नाही. त्याऐवजी रिसेप्शनवर एक वही ठेवावी आणि रुग्ण फोनवर जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ‘दात काढल्यावर चूळ कधी भरू?’, ‘रूट कॅनल झाले, मग कॅप कशाला?’, ‘खेळताना मुलाचा दात पडला, काय करू?’ आठवड्याला यातील दोन प्रश्नांची उत्तरे दिली तरी पुरे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर लोक जपून ठेवतात आणि एकमेकांना पाठवतात. कायमचा दात पडला असेल, तर त्याचे मूळ न हाताळता वरचा पांढरा भाग धरावा, माती लागली असल्यास क्षणभर धुवावा, जमल्यास तेथेच बसवावा, न जमल्यास दुधात ठेवून तातडीने दवाखाना गाठावा; दुधाचा दात मात्र परत बसवू नये. एवढी माहिती सोप्या शब्दांत देणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक आई-वडील फोनमध्ये ठेवतात.

सशुल्क जाहिरात करायची असल्यास ‘तुमचे दात पिवळे आहेत का?’ अशी सुरुवात टाळावी. पाहणाऱ्याच्या व्यक्तिगत वैगुण्यावर बोट ठेवणारी वाक्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरात-नियमांत बसत नाहीत, आणि ती कोणाला आवडतही नाहीत. ‘वेदनारहित’ हा शब्दही जपून वापरावा. त्याचा मोह फार जुना आहे : अमेरिकेतील एडगर पार्कर या दंतवैद्याने सर्कशीचा तमाशा उभा करून दात काढले, काढलेल्या दातांची माळ गळ्यात मिरवली आणि ‘पेनलेस’ या बिरुदावर आक्षेप येऊ लागले, तेव्हा १९१५ मध्ये कायदेशीररीत्या स्वतःचे नावच ‘पेनलेस’ करून घेतले. आपल्याला नाव बदलायचे नसेल, तर काय काळजी घेतो एवढेच सांगावे.

पोस्टमुळे किती रुग्ण आले, हे फॉलोअरच्या आकड्यावरून कळत नाही. प्रत्येक नव्या रुग्णाला ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असे विचारून केसपेपरवर नोंद करावी. बहुतेक जण कोणाच्या तरी सांगण्यावरून येतात, मात्र येण्यापूर्वी आपले पान उघडून पाहतात. म्हणून गूगलवरील वेळा, सुट्ट्या आणि फोन क्रमांक बरोबर असणे हे कोणत्याही रीलहून अधिक निकडीचे आहे.

प्रश्न : उपचारांपूर्वीचे आणि नंतरचे फोटो टाकताना मी रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावतो. एवढे पुरेसे आहे का? उपचारांच्या संमतीपत्रातच फोटोची परवानगी घेतली तर चालेल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. पुढच्या दोन दातांमधली फट, हनुवटीवरचा तीळ, नाकातली चमकी यांवरून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना माणूस सहज ओळखू येतो. फोटोची संमती वेगळ्या कागदावर असावी. कोणता फोटो, कोणत्या माध्यमावर, चेहऱ्यासह की केवळ दातांचा, हे तिच्यात स्पष्ट लिहावे, आणि नकार दिल्यास उपचारांत काही फरक पडणार नाही हेही लिहावे. ही सही रुग्ण खुर्चीत आडवा असताना घेऊ नये. तोंडात कापूस असलेला माणूस कशालाही मान डोलावतो. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाने ‘नको’ म्हटले, तर पालकांची सही असली तरी मी फोटो टाकत नाही. रुग्णाने पुढे कधीही फोटो काढून टाकण्यास सांगितले, तर कारण न विचारता काढावा. तो आधीच इतरांनी उतरवून घेतलेला असू शकतो, याची कल्पना मात्र सही घेतानाच द्यावी.

चूक माझ्याही हातून झालेली आहे. आमच्या साहाय्यकाने उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची एक चांगली रील केली. ऑटोक्लेव्हचे दार, सीलबंद पाकिटे, सगळे नीट दिसत होते. मागे संगणकाच्या पडद्यावर त्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची यादीही तेवढीच नीट दिसत होती. यादीतल्याच एका बाईंनी फोन करून ते लक्षात आणून दिले. तेव्हापासून पोस्ट टाकण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी केवळ पार्श्वभूमी तपासायची, असा आमचा नियम आहे. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेले नावही असेच निसटते.

फोटोच्या प्रामाणिकपणाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. दात बराच वेळ कोरडे राहिले की ते मूळच्यापेक्षा पांढरे दिसतात आणि लाळेने ओले झाल्यावर काही तासांत पूर्ववत होतात. पांढरे करण्याचा उपचार संपताक्षणी काढलेला फोटो त्यामुळे खोटी आशा दाखवतो, आणि मग रुग्ण आठवड्याने आरशासमोर फोन धरून आपल्याला जाब विचारतो. नंतरचा फोटो पुढच्या भेटीत, त्याच प्रकाशात, त्याच कोनातून आणि शेड गाइडची, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांची, तीच पट्टी दातांशेजारी धरून काढावा. दाखवायचे दात वेगळे, ही म्हण निदान आपल्या व्यवसायाला तरी चिकटू नये.

प्रश्न : एका रुग्णाने गूगलवर एक तारा देऊन ‘रूट कॅनलनंतरही चार दिवस दुखत होते, रिसेप्शनवर कोणी नीट बोललेही नाही’ असे लिहिले आहे. उपचार व्यवस्थित झाले होते, हे एक्स-रेवरून सिद्ध होते. मी तो एक्स-रे उत्तरात जोडू का? तसेच समाधानी रुग्णांना सवलत देऊन चांगले अभिप्राय मागणे योग्य आहे का?

उत्तर : एक्स-रे मुळीच जोडू नये. त्या व्यक्तीने स्वतः सर्व काही लिहिले असले, तरी ती आपली रुग्ण होती एवढे मान्य करणेसुद्धा गोपनीयतेचा भंग ठरू शकते. शिवाय आपले उत्तर ती व्यक्ती वाचेल न वाचेल. पुढची शंभर माणसे मात्र वाचतील, आणि डॉक्टर बरोबर होते का यापेक्षा डॉक्टर चिडतात का, हे ती पाहतील. पुढील मजकूर पुरेसा आहे : ‘आपल्याला त्रास झाला आणि बोलण्यातही उणीव राहिली असे आपल्याला वाटले, याचे वाईट वाटते. वैद्यकीय बाबींवर येथे चर्चा करणे आम्हाला उचित वाटत नाही. कृपया दवाखान्याच्या क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर स्वतः बोलतील.’ हे उत्तर रागाच्या भरात लिहू नये, एक रात्र जाऊ द्यावी. फोन आला तर मात्र खरोखर स्वतः बोलावे.

त्या तक्रारीचे दोन भाग आहेत. रूट कॅनलनंतर मुळाभोवतीच्या ऊती काही दिवस हुळहुळ्या राहतात आणि चावताना दुखते, हे आपल्याला ठाऊक आहे. रुग्णाला ते निघतानाच सांगितले होते का? सांगितले असते, तर चौथ्या दिवशी त्याने तारा देण्याऐवजी फोन केला असता. रिसेप्शनच्या तक्रारीचा निकाल तर कोणत्याच एक्स-रेवर लागत नाही.

सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विनंती करणेही. मागायचाच असेल, तर उपचार पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे एकाच शब्दांत मागावा. महिनाभर असे केल्यास एक-दोन तिखट अभिप्राय येतील. ते रिसेप्शनवरच्या त्याच वहीत उतरवून ठेवावेत.