तांब्या हाताशी ठेव

प्रिय पोरी,

काल फोनवर तू "मी बरी आहे" म्हणालीस आणि लगेच बाळाच्या शी-शूवर गेलीस. नर्स म्हणून उभा जन्म बाळंतिणींत काढलाय मी, मला हे "बरी" कळतं.

माझं पहिलं बाळंतपण भर मे महिन्यात, अमळनेरकडच्या माहेरी झालं. खिडक्या बंद, कानाला फडकं, बाजेखाली शेगडी आणि निखाऱ्यावर ओवा-बाळंतशोपांची धुरी. पाण्याचा तांब्या मात्र समोरच्या कोनाड्यात, हात पोचणार नाही असा. "पाणी जास्त पिशी ते पोट सुटी जाई," आई म्हणायची. घोट मोजून मिळायचे. चौथ्या दिवशी संडासला बसायचीच भीती वाटायला लागली, टाके असे ओढायचे. नर्सिंग शिकलेली मी, पण आईपुढे तोंड उघडलं नाही.

तुझी आईही तुला पाणी मोजूनच देत असणार. पण पाण्यानं पोट सुटत नाही. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायलाच सुमारे 6 आठवडे लागतात, पोटाच्या स्नायूंना त्याहून जास्त. अंगावर पाजणारीला तर तहान जास्तच लागते. जळगावच्या उन्हात शेक नको वाटला तर सरळ नको म्हण. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच, तो धूर तुम्हा दोघांनाही घातक.

बाकी आईचं ऐक. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेवग्याचा पाला, कळण्याची भाकरी, सगळं खा. फक्त लाडू चालू आहेत म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नकोस. त्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या, चहासोबत नाही.

अंगावरून जाणं 4 ते 6 आठवडे चालतं, हळूहळू फिकं होत जातं. पण तासाभरात पॅड गच्च भिजला, ताप आला, घाण वास यायला लागला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे धूसर झालं किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर सव्वा महिन्याचा विटाळ-बिटाळ मध्ये आणू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा, 108 ला फोन करा.

आता रडण्याचं. मी त्याच चौथ्या दिवशी भाकरी गार झाली म्हणून तासभर रडले. आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. दृष्ट नव्हती गं ती. वार पडली की शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात झोप नाही, छाती दुधानं दगड झालेली. असं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, बाळ झोपलं तरी तुझा डोळा लागेना, बाळ परकं वाटायला लागलं, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, नाहीतर कोणाला न दिसणारं दिसायला लागलं, तर मात्र फोनवर भागवू नका. एकटी राहू नकोस, लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. बाळाचं वजन करून ती उठायच्या आत म्हण, "ताई, आता माझ्याकडे बघा."

उद्या दुपारी आईला फोन दे, तांब्याचं मी बोलते तिच्याशी. माठातलं पाणी चालेल. तू गार पाणी प्यायलीस म्हणून बाळाला सर्दी होत नाही, हेही तिला सांगायचंय.

तुझी,
मावशी