१० बाय १५ च्या खोलीत आम्ही पाचजण राहतो. अकरावीतल्या मुलीला स्वतःचा कोपरा कसा करून द्यावा?

पडद्याचं शेवटी बघा. आधी खोलीत कोण कुठून कुठे ये-जा करतं ते दोन दिवस नीट पाहा. दार, मोरी आणि ओटा यांच्या वाटेत न येणारा कोपराच कामाचा. खिडकीच्या मोहाने वाटेतली जागा धरलीत, तर दिवसभर कुणी ना कुणी पडदा सारत राहणार.

गादीसह साडेसहा बाय ३ फूट जागा लागते. दोन बाजूंना भिंती आहेतच. ३ फुटांच्या बाजूला लोखंडी कपाट उभं करा, त्याची रुंदी साधारण तेवढीच असते. पाठ कोपऱ्याकडे, दारं खोलीकडे, म्हणजे कपडे काढायला कुणी आत शिरणार नाही. पाठीचा पत्रा वाजतो, त्यावर जुनी सतरंजी चिकटवा. मागे आधार नसल्याने दारं उघडली की कपाट पुढे झुकू शकतं. शेजारच्या भिंतीला वरून एल-पट्टीने स्क्रू मारा आणि जड सामान खालच्या कप्प्यात ठेवा.

लांब बाजूला पडदा. तारेला झोळ येतो, पाइपच लावा. कापड जाड आणि जागेच्या दुप्पट रुंद घ्या; ताणून बसवलेल्या पडद्याला कडेला फट राहते. वरचा दीड फूट मोकळा सोडा, नाहीतर पंख्याचा वारा आत जात नाही. पडद्याने आवाज थांबत नाही, तेव्हा हेडफोन टीव्ही बघणाऱ्याने लावायचा, तिने नव्हे.

दिव्यात हमखास चुकतं. तो भिंतीवर लावला की तिची सावली पडद्यावर पडते आणि कूस बदललेलीही बाहेर दिसते. क्लिपचा दिवा पडद्याच्या पाइपला लावून तोंड भिंतीकडे करा.

छत ११ फुटांहून खाली असेल, तर पोटमाळ्याचा नाद सोडा.

एक कुलपाचा खण द्याच, दोन्ही किल्ल्या तिच्याकडे. आयांना हे जड जातं, पण तिच्या माघारी वही चाळली गेली तर वरचा सगळा खटाटोप फुकट. पडद्याला कडी नसते, म्हणून "येऊ का?" विचारून उत्तराची वाट बघायची. वडिलांनीसुद्धा.

घरातल्या किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाची तिला भीती वाटते म्हणून विचारत असाल, तर मात्र यातलं काहीच करू नका. असा आडोसा त्या माणसाच्याच पथ्यावर पडतो. त्याला घराबाहेर ठेवा, तिला एकटी सोडू नका आणि १०९८ वर फोन करा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ही हेल्पलाइन मोफत आहे आणि चोवीस तास चालते.