पेढ्यांचा पुडा राहू द्या, चार ओळी लिहा

नोकरी-धंद्यातले तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की नोकरीत कुणी खरी मदत केली असेल तर त्याला हातानं लिहून कळवावं. त्या एका वाक्यावर यावेळी बरंच टपाल आलं. काहींना ते पटलं, काहींना हसू आलं, एकानं तर मला मस्का शिकवणारी ठरवलं. मी वाळूजच्या एका कारखान्यात पर्सनल खात्यात आयुष्य काढलं, आता अंबाजोगाईला असते. माझी उत्तरं त्या खुर्चीवरून जे दिसलं त्यातूनच येतात, हे धरून वाचा.

प्रश्न : मी औसा तालुक्यातली. डिप्लोमा झाल्यावर वाळूजला एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होते. तिथल्या शिफ्ट सुपरवायझर सरांनी मला सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) हात बसेपर्यंत शिकवलं. आता चाकणला नोकरी लागलीय. त्यांना पत्र लिहावंसं वाटतं, पण मैत्रिणी म्हणतात, व्हॉट्सॲपवर टाक की, कामून एवढा उपद्व्याप? माझं अक्षरही चांगलं नाही. आणि मुलीनं सरांना पत्र लिहिलं म्हणून लोक काही बोलतील का, हीपण धास्ती आहे.

लिही. अक्षराचं आधी मिटवते. माझ्या टेबलावरून अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले, पण कुणाला सुंदर अक्षरामुळं घेतलं किंवा वाईट अक्षरामुळं नाकारलं असं मला आठवत नाही. वाचता आलं की झालं. ओळींमध्ये अंतर ठेव, नाव ठळक लिही.

खरी मेख मजकुरात आहे. "आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल मी आपली सदैव ऋणी राहीन" हे वाक्य तू हातानं लिहिलंस तरी तो फॉरवर्डच राहतो. सरांच्या हाताखालून कितीतरी पोरं गेली असतील; त्यातली तू कोणती, हे त्यातून कळत नाही. तुझ्या मूळ पत्रात एक गोष्ट आहे, जागेअभावी ती इथं छापली नाही. सर तुला मशीनजवळ उभं करायचे आणि म्हणायचे, स्क्रीनकडं नंतर बघ, आधी कान दे. तेवढंच लिही. साधारण असं :

"सर, स. न. वि. वि. चाकणला रुजू होऊन महिना झाला. परवा रात्रपाळीत टूलचा आवाज बदलला म्हणून मी मशीन थांबवली. इन्सर्टचा कोपरा उडाला होता. पुढचे जॉब रिजेक्ट व्हायचे वाचले. इथल्या सरांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी तुमचं नाव सांगितलं. दिवाळीला येईन तेव्हा काकूंना आणि तुम्हाला भेटून जाईन."

बस. (बाकीच्यांसाठी : इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक, जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा भाग.) पानभर लिहायला गेलीस की ती मोलाची मार्गदर्शनं परत घुसतात.

तुझा संकोच मात्र समजण्यासारखा आहे आणि तो तुझा एकटीचा नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांचा 2018 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, ती पोचवली आणि मग दोन्ही बाजूंना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, समोरचा माणूस अवघडेल. तो त्यांना वाटलं होतं तेवढा अवघडला नाही, आणि आनंद मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारे आपले शब्द नीट आहेत का या काळजीत होते, वाचणाऱ्यांचं लक्ष आपुलकीवर होतं. ती पत्रं ईमेलनं गेली होती, हेही सांगायला हवं. म्हणजे जादू शाईत नाही.

मग मेसेज का नको? सुपरवायझरचा फोन बघितलायस ना. शिफ्टचा ग्रुप, मेंटेनन्सचा ग्रुप, ब्रेकडाऊनचे फोटो, सकाळची फुलं आणि सुविचार. तुझा मेसेज दोन वाजता आला तर साडेतीनला तो कुठं वर गेला हे त्यांनाही सापडणार नाही. कागद खिशात घालून घरी नेता येतो आणि घरच्यांना दाखवता येतो. तुला आभार मानायचेत ते अशा माणसाचे, ज्याला घरी दाखवायला कंपनीतून कधी काही मिळत नाही.

आता लोकांच्या बोलण्याचं. पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठव. सरांचं नाव, हुद्दा, विभाग लिही आणि पाकिटावर "वैयक्तिक" अजिबात लिहू नकोस. डिस्पॅचवाला ते फोडेल, आवकचा शिक्का मारेल, नंबर घालेल आणि विभागाकडं पाठवेल. आमच्याकडं असंच एक आभाराचं पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन माझ्या टेबलावर आलं होतं. काय कार्यवाही करायची म्हणून मी ते त्या माणसाच्या पर्सनल फायलीला लावलं. कारखान्यातल्या कामगाराची फाईल तू बघितली नसशील. नेमणुकीचं पत्र, बिनपगारी रजा, उशिरा आल्याचा मेमो, कारणे दाखवा नोटीस. माणसानं वर्षानुवर्षं चांगलं काम केलं तर फायलीत त्याचा पत्ताच नसतो, कारण चांगलं काम झाल्याचा फॉर्म कुणी काढलेला नाही. बढतीच्या वेळी मॅनेजर फाईल चाळतो तेव्हा त्यात असं एक पान सापडलं तर तो थांबून वाचतो. हे मी समोर बसून पाहिलंय. तेव्हा उघडं पत्र लिही, चारजणांनी वाचलं तर सरांचं भलंच होईल, आणि बोलणाऱ्यांना बोलायला जागाही राहणार नाही.

प्रश्न : जालन्यात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. यंदा दिवाळीला पाचशे ग्राहकांना आभाराची कार्डं पाठवायचा विचार आहे. प्रेसवाला म्हणतो, हस्ताक्षरासारख्या अक्षरात छापून देतो, खाली तुमची सही स्कॅन करून टाकू, कुणाला कळणार नाही. कसं वाटतं?

भाऊ, कळतं. बोट फिरवून बघतात लोक. शेजारच्या शेतकऱ्याकडं तेच कार्ड, तीच वळणं, सहीची तीच शेपटी दिसली की दोघंही हसतात आणि तुमचं कार्ड कॅलेंडरामागं जातं. छापायचंच असेल तर सरळ छापील अक्षरात छापा, शुभेच्छा द्या, दुकानाचा फोन नंबर टाका. त्यात काही वाईट नाही, फक्त त्याला हस्ताक्षराचा मुखवटा चढवू नका.

आणि त्या पाचशेंतून दहाजण निवडा. मला विचाराल तर मोठ्या बिलाचे निवडू नका. जालन्यात बियाण्याचा धंदा करता म्हणजे हा प्रसंग तुम्हाला चुकला नसेल: पेरणी झाली, उगवण झाली नाही, आणि दुकानासमोर माणसं जमली. त्या गर्दीत एखादा असतो जो शिव्या न देता रिकामी पिशवी, टॅग आणि बिल घेऊन येतो, तालुक्याची समिती पंचनाम्याला येईपर्यंत दम धरतो. त्यानं लॉट नंबरचा टॅग जपून ठेवला म्हणून तुम्हालाही कंपनीशी बोलता आलं. त्याला लिहा आणि नेमकं हेच लिहा. सोयाबीनचे पैसे हातात पडल्याबरोबर न बोलावता उधारी मिटवून गेला, त्याला लिहा. पावसात ट्रक आला तेव्हा खताची पोती भिजू नयेत म्हणून जेवण सोडून उठलेल्या हमालाला लिहा. त्याला वाचता येत नसेल तर त्याची पोरगी वाचून दाखवेल, आणि ते जास्तच चांगलं.

तुमच्या मुनीमजींसाठी एक सुचवते. पेप्सिको कंपनीच्या प्रमुख असताना इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आईवडिलांना पत्रं लिहीत, तुमच्या मुलानं किंवा मुलीनं इथं काय काम केलं ते सांगणारी. चेन्नईला त्यांच्या घरी आलेले पाहुणे त्यांचं नाही, त्यांच्या आईचं कौतुक करत होते, त्यावरून त्यांना हे सुचलं असं त्यांनीच सांगितलं आहे. जालन्याच्या दुकानाला हे परवडतं. मुनीमजींचे आईवडील गावाकडं असतील तर त्यांना लिहा. वाढलेल्या पगाराची बातमी गावात सांगता येत नाही, भाऊबंद उसने मागतात. मालकाचं पत्र मात्र पारावर वाचून दाखवता येतं.

कागदाचं म्हणाल तर वेरूळच्या रस्त्यावर, दौलताबादजवळ, कागजीपुरा आहे. पिढ्यानपिढ्या हातकागद करणारं गाव. दहा पत्रांपुरता तिथला कागद आणला तर शोभून दिसेल. फक्त आधी कोपऱ्यावर पेन चालवून बघा, शाई फुटली तर बॉलपेन घ्या.

प्रश्न : बाई, स्पष्टच लिहितो. मी बीडला अकाउंटंट आहे. आभाराची पत्रं वगैरे सगळा मस्का आहे. जो काम करतो त्याला पगार मिळतो. साहेबाला पत्र लिहिणारे लोक आम्ही बघितलेत, मार्चमध्येच बरी आठवण येते त्यांना.

निम्मं तुमचं खरं आहे. मार्चमध्ये साहेबाला आलेलं पत्र मीही तुमच्याच नजरेनं बघते. म्हणून माझा एकच नियम आहे: ज्याच्याकडं आपलं काही अडकलेलं आहे त्याला आभाराचं पत्र लिहायचं नाही. बिल निघायचंय, बदली हवीय, शिफारस हवीय, तर सरळ अर्ज करा, तो अर्ज म्हणूनच वाचला जाऊ द्या. काम मिटलं, देणंघेणं संपलं, खातं शून्यावर आलं (हे तुम्हाला कळेल) की मग लिहा.

पगाराचा मुद्दा मात्र मला पटत नाही. पगार कामाचा मिळतो. 31 मार्चच्या रात्री ताळा जुळत नव्हता तेव्हा शिपाई दादा स्वतःहून थांबले, खालच्या टपरीवरून चहा आणला आणि तळघरातून जुन्या फायली शोधून दिल्या, याची नोंद तुमच्या कुठल्या खतावणीत आहे? वर लिहायची तुम्हाला लाज वाटते ना, मग खाली लिहा. तिथं कुणी मस्का म्हणणार नाही.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे. सामाईक गटातल्या जमिनीच्या नोंदीचं माझं काम कैक दिवस रखडलं होतं. नव्या आलेल्या बाई अधिकाऱ्यांनी एक पैसा न घेता ते मार्गी लावलं. पेढे आणि त्यासोबत पत्र घेऊन जावं म्हणतो.

पत्र न्या, पेढे घरी वाटा. ज्या बाईंनी पैसा घेतला नाही त्यांना पुडा घेताना दाराबाहेरचा माणूस काय म्हणेल याचा विचार करा. सरकारी कर्मचाऱ्यांना भेटी घेण्यावर बंधनं आहेत, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्यासाठीच आहेत. पुडा परत करताना त्यांनाही वाईट वाटेल, तुम्हालाही.

पत्रात तीन गोष्टी घाला: काम कोणतं, किती दिवस अडलं होतं, त्यांनी काय केलं. गट नंबर लिहा, तारीख लिहा. "देवासारख्या धावून आलात" लिहू नका. देवाला कुणी बढती देत नाही. आणि एक प्रत त्यांच्या वरिष्ठांच्या कार्यालयात आवकला देऊन पोच घ्या. तक्रारीचे अर्ज असे दोन-दोन ठिकाणी आपण देतोच की, चांगल्याला कामून नाही? प्रामाणिक अधिकाऱ्याविरुद्ध निनावी अर्ज येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा नावानिशी, सहीनिशी लिहिलेला तुमचा कागद त्यांच्या बाजूनं उभा राहतो.

प्रश्न : एमपीएससीची मुलाखत दिली. मंडळातल्या एका सरांनी फार धीर दिला. त्यांना आभाराचं पत्र पाठवू का? (हिंगोली)

नाही. निकाल लागेपर्यंत कुणालाही काहीही पाठवू नकोस, दुसऱ्याच्या हातानंही नाही. निवडीसाठी वशिला लावण्याचा प्रयत्न दिसला तर उमेदवार अपात्र ठरतो, आणि तुझा हेतू कितीही साफ असला तरी तो कागदावर दिसत नाही. खाजगी कंपनीची मुलाखत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल कर. टपाल पोचेपर्यंत त्यांचा निर्णय झालेला असतो.

प्रश्न : पत्र मराठीत लिहावं की इंग्रजीत? आणि आजकाल पोस्टकार्ड मिळतं का? (नांदेड)

ज्या भाषेत त्या माणसाशी बोलता त्या भाषेत. साहेबांशी कायम हिंदीत बोललात तर हिंदीत लिहा, चुका झाल्या तरी चालतील. इंग्रजी फक्त त्यालाच, ज्याच्याशी दुसरी कुठली भाषाच नाही.

पोस्टकार्ड पन्नास पैशांचं आहे, पण खिडकीवर ते असेलच असं नाही. माझ्या मते नोकरीतल्या पत्राला पाकीटच बरं. पोस्टकार्ड वाटेत सगळेच वाचतात, आणि शेवटी ते कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या हातात पडतं. औशाच्या पोरीचं पत्र उघडं असलेलंच चांगलं, पण सगळ्यांचं तसं नसतं. कुणाच्या अडचणीचा, पैशाचा, आजारपणाचा उल्लेख असेल तर पाकीट बंद करा आणि वर "वैयक्तिक" लिहा. रजिस्टर करायला जाल तर 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. आभाराच्या पत्राला साधं तिकीट पुरतं.

पिनकोड तेवढा दोनदा तपासा. लातूर 413512, नांदेड 431601; आपल्याकडं 413 आणि 431 यांची लोक सर्रास अदलाबदल करतात. आमच्या अंबाजोगाईचा 431517 आहे. लातूर इथून जवळ म्हणून 413 नं सुरू करून पाठवलेलं टपाल मला आठवडाभर उशिरा मिळतं, पुढचे प्रश्न पाठवताना ध्यानात ठेवा.