बाळाची सीट गाडीत नेमकी कुठे लावायची?

आधी एक सांगतो, पुढची सीट डोक्यातून काढूनच टाका. समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली बेबी सीट पुढे लावली आणि एअरबॅग उघडली तर तीच बाळाच्या जिवावर उठते. आणि आजीच्या मांडीवर बसवणं नकोच, धडक बसली की कुणाच्याही हातात पोर टिकत नाही, घरचे कितीही म्हणोत की आम्ही घट्ट धरतो!

मागे मधली जागा दोन्ही दारांपासून लांब म्हणून चांगली, पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मध्ये नुसता कमरेचा पट्टा असतो आणि आयसोफिक्स (बेबी सीट थेट अडकवायचे गाडीतले लोखंडी हुक) फक्त कडेच्या दोन सीटांना, मग मध्ये डगमगती लावण्यापेक्षा मागे डावीकडे पक्की बसवा, फुटपाथच्या बाजूने बाळाला चढवता-उतरवता पण येतं. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून बघा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर परत आवळा. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बाळ बसतंय तोवर त्याचं तोंड मागेच ठेवा, पाय दुमडले तरी चालतं, मान महत्त्वाची. बाकी १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४बी.