मेट्रोपोलिस म्हणजे कोणाची आई?

प्रश्न असा आला आहे: ‘मेट्रोपोलिस’ या इंग्रजी शब्दाला मराठीत सरसकट ‘महानगर’ म्हणतात, ते कितपत बरोबर आहे? किती लोकवस्तीच्या पुढे गेलेल्या शहराला मेट्रोपोलिस म्हणायचे? आणि मेट्रो रेल्वेतला ‘मेट्रो’ याच शब्दातून आला, की तो ‘मीटर’चा भाऊबंद आहे?

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा उलगडा तेथूनच सुरू होतो. ‘मीटर’ हा ग्रीक ‘मेत्रॉन’ म्हणजे माप या शब्दातून आला आहे आणि त्याचा येथे काहीही संबंध नाही. ‘मेट्रोपोलिस’मधला ‘मेट्रो’ म्हणजे ‘मेतेर’, अर्थात आई, आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर. हे दोन्ही घटक आपल्याला परके नाहीत. ‘मेतेर’ आणि संस्कृत ‘मातृ’ ही सख्खी भावंडे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. पण ‘पोलिस’ आणि संस्कृत ‘पुर्’ यांचेही मूळ एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही. दोहोंचा जुना अर्थ तटबंदीचे ठिकाण, गढी असा होता. इंद्राला पुरंदर म्हणतात ते तो असे कोट फोडतो म्हणून, आणि अथेन्समध्ये तर पूर्वी नुसते ‘पोलिस’ म्हटले की वरचा बालेकिल्ला, म्हणजे आजचा अक्रॉपोलिस, असाच अर्थ घेतला जाई. (आपला खाकी वर्दीतला ‘पोलीस’ही, लॅटिन आणि फ्रेंचमधून लांबचा वळसा घेऊन आलेला असला, तरी याच घराण्यातला आहे.) तेव्हा घटकास घटक लावून ‘मेट्रोपोलिस’चे भाषांतर करायचे ठरवले, तर ते ‘मातृपुर’ असे होईल.

आता गंमत अशी की हे नाव महाराष्ट्रात आहेच. नांदेड जिल्ह्यातल्या रेणुकेच्या माहूरला परंपरेने मातापूर म्हणतात. मात्र दोन्ही समासांचा विग्रह वेगळा आहे. मातापूर म्हणजे मातेचे पूर, देवीचे गाव. हा षष्ठी तत्पुरुष झाला. ग्रीकांच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये नगर हीच आई आहे, म्हणून तो कर्मधारय. अर्थात ग्रीक जगातही सगळीकडे असेच होते असे नाही. आजच्या तुर्कस्तानात, प्राचीन इफिससपासून फार दूर नसलेल्या एका गावाचे नावच मेट्रोपोलिस होते, आणि ते मात्र तेथील मातृदेवतेवरून पडले असे मानले जाते. ते गाव आपल्या माहूरचे सख्खे नामबंधू ठरते.

नगर आई कसे होते, हे समजण्यासाठी इ.स.पू. आठव्या ते सहाव्या शतकांतील ग्रीकांकडे पाहावे लागते. त्या काळात जमीन अपुरी पडू लागली, व्यापार वाढला, आपसांतली भांडणे विकोपाला गेली, की एखाद्या नगरातला एक गट जहाजात बसून दूरच्या किनाऱ्यावर नवे नगर वसवायला निघे. कॉरिंथच्या लोकांनी सिसिलीत सिरॅक्यूज वसवले, फोकियाच्या लोकांनी मसालिया, म्हणजे आजचे मार्सेय, वसवले, आणि मायलेटसने तर काळ्या समुद्राच्या काठाने अशी कितीतरी नगरे उभी केली. नवे नगर राज्यकारभारात स्वतंत्र असे. ते जुन्या नगराला कर देत नसे. पण निघताना मूळ नगराच्या सार्वजनिक चुलीतला विस्तव बरोबर नेला जाई, दैवते तीच राहत, आणि सणावाराला मूळ नगराच्या प्रतिनिधींना मान द्यावा लागे. अशा नव्या नगराच्या दृष्टीने जुने नगर ती त्याची ‘मेट्रोपोलिस’. हे नाते मराठी माणसाला समजावून सांगायला ‘माहेर’ हा एकच शब्द पुरतो, आणि तो ‘मातृगृह’ यावरूनच आलेला आहे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

या नात्यातला मानापमान किती खरा होता, याचे उदाहरण प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज याच्या इतिहासाच्या पहिल्याच भागात आहे. कॉरिंथची वसाहत कोर्सिरा, म्हणजे आजचे कॉर्फू. आणि कोर्सिराची वसाहत एपिडॅम्नस, म्हणजे आजच्या अल्बानियातले दुरेस. एपिडॅम्नस वसवताना, प्रथेप्रमाणे, संस्थापक पुरुष कोर्सिराचा न घेता आजोळाहून, म्हणजे कॉरिंथहून बोलावला होता. पुढे एपिडॅम्नस यादवीने जेरीस आले, तेव्हा कोर्सिराने मदत नाकारली आणि कॉरिंथ धावून गेले. त्यामागे, समारंभांत कोर्सिरा आपल्याला आईचा मान देत नाही, हा जुना रागही होता. इ.स.पू. ४३५ च्या सुमारास पेटलेले हे भांडण, चार वर्षांनी अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात जे मोठे युद्ध सुरू झाले, त्याच्या निमित्तांपैकी एक ठरले. या सगळ्यात कोठेही ‘मेट्रोपोलिस’ किती मोठी, तिची वस्ती किती, हा प्रश्न आलेला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. सिरॅक्यूज पुढे अतिशय बलाढ्य नगर झाले, तरी ते कॉरिंथचे लेकरूच राहिले. मुळात हा शब्द आकार सांगत नाही, तो नाते सांगतो. आणि म्हणून ‘मेट्रोपोलिस’ म्हटले की ‘कोणाची?’ हा प्रश्न लगेच विचारता येत असे.

रोमन साम्राज्यात हे नाते पातळ झाले आणि ‘मेट्रोपोलिस’ ही प्रांतातल्या प्रमुख नगराची पदवी बनली. आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, इफिसस, स्मर्ना आणि पर्गमम या नगरांमध्ये अशा मानाच्या पदव्यांवरून बरीच चुरस असे. ख्रिस्ती धर्मसंस्थेने आपली रचना याच प्रांतांवर बेतली. इ.स. ३२५ च्या नायसीयाच्या धर्मसभेने प्रांताच्या मुख्य नगरातील बिशपला प्रांतातल्या इतर बिशपांच्या नेमणुकीवर अधिकार दिला, आणि तो ‘मेट्रोपॉलिटन’ झाला. या अर्थाचा शब्द आजही जिवंत आहे. केरळातल्या मलंकर परंपरेच्या चर्चचे प्रमुख स्वतःला मेट्रोपॉलिटन म्हणवतात, आणि गोव्याचे आर्चबिशपही सोळाव्या शतकापासून याच अर्थाने मेट्रोपॉलिटन आहेत. अशा बिशपला ‘महानगरीय बिशप’ म्हणणे चूक होय. ‘प्रांतप्रमुख धर्माधिकारी’ असे काही म्हणता येईल, नाहीतर सरळ मेट्रोपॉलिटन म्हणावे.

गोव्याचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक अर्थ सांगायला हवा. फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांनी जुने नाते जपले, पण ते उलटे करून. साम्राज्याच्या काळात फ्रेंचांचा ‘मेत्रोपोल’ म्हणजे वसाहती वगळून उरलेला खुद्द फ्रान्स देश; त्याचप्रमाणे १९६१ पर्यंत गोव्यातल्या पोर्तुगीज कागदपत्रांत ‘मेत्रोपोल’ म्हणजे पोर्तुगाल. नगराच्या जागी देश आला, स्वतंत्र लेकराच्या जागी सत्तेखालची वसाहत आली, आणि माहेरची ऊब जाऊन हुकूम आला. वसाहतवादाच्या इतिहासावरील इंग्रजी लेखनातही हा अर्थ नेहमी येतो. तेथे ‘महानगर’ असे भाषांतर केल्यास वाक्याचा अर्थच जातो. ‘सत्ताधारी देश’ किंवा ‘मायदेश’ यांपैकी संदर्भाला जुळेल ते घ्यावे. यांत ‘मायदेश’ मला अधिक बोचरा आणि म्हणून अधिक योग्य वाटतो.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून मध्ययुगाच्या अखेरीस आला, तो प्रथम धर्मपीठाच्या अर्थाने. नंतर राजधानी, आणि मग ‘द मेट्रोपोलिस’ म्हणजे लंडन, असा तो रुळला. १८२९ साली लंडनसाठी ‘मेट्रोपॉलिटन पोलीस’ दल उभे राहिले. त्याच्या हद्दीत लंडनच्या पोटातले जुने ‘सिटी’ येत नाही, कारण त्या चिमुकल्या भागाचे पोलीस दल आजही निराळे आहे. म्हणजे ‘मेट्रोपॉलिटन’ शब्दाने तेथे मूळ नगराभोवती वाढलेला पसारा सूचित झाला. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जमिनीखालून धावणारी जगातली पहिली आगगाडी सुरू झाली, तिच्या कंपनीचे नाव ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’. १९०० साली पॅरिसमध्ये अशीच गाडी धावू लागली, तेव्हा तिच्या कंपनीच्या लांबलचक नावातले ‘मेत्रोपोलितँ’ हे विशेषण लोकांनी तोडून ‘मेत्रो’ केले. तेच जगभर पसरले: मॉस्कोत १९३५ साली, कोलकात्यात १९८४ साली, दिल्लीत २००२ साली, मुंबईत २०१४ साली. तोडताना ‘नगर’ गळून पडले आणि आई तेवढी उरली. वर्सोव्याच्या फलाटावर ‘मेट्रो आली’ असे कोणी म्हणतो, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘आई आली’ असे म्हणत असतो.

लोकसंख्येची अट ही या शब्दाला फार उशिरा चिकटली, आणि ती भाषेने नव्हे तर कायद्याने व कार्यालयांनी चिकटवली. भारतात सर्वसाधारण मोजमाप दहा लाखांचे आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने ‘महानगर क्षेत्रा’साठी दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या सांगितली; रिझर्व्ह बँकही दहा लाख आणि त्यापुढच्या वस्तीच्या केंद्रांना मेट्रोपॉलिटन गटात धरते; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हाच आकडा होता, आणि त्यावरूनच ‘महानगर दंडाधिकारी’ हे पद आले होते, जे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवरचे नागरी समूह ५३ होते. पण त्याच वेळी प्राप्तिकराच्या घरभाडे सवलतीत मात्र वर्षानुवर्षे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही चारच शहरे वरच्या दरात बसत, आणि पन्नास लाखांची वस्ती ओलांडलेले पुणे ‘नॉन-मेट्रो’ म्हणून बाहेर राही. तेव्हा ‘किती लोकवस्ती?’ याचे उत्तर, कोणत्या कामासाठी विचारता आहात, यावर अवलंबून आहे. शब्दाला स्वतःचा असा आकडा नाही.

आता मुख्य प्रश्न ‘महानगर’चा. हा शब्द इंग्रजीवरून अलीकडे पाडलेला आहे अशी अनेकांची समजूत असते, ती खरी नाही. पालीतल्या महापरिनिब्बानसुत्तात आनंद बुद्धांना विनवतो की या कुसिनारेसारख्या आडवळणाच्या खुज्या गावात देह ठेवू नये. इतर ‘महानगरे’ आहेत, चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. म्हणजे ‘महानगर’ किमान दोन हजार वर्षांचा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पहिल्यापासून मोठे, वैभवाचे, नाव असलेले शहर असाच आहे. त्यात आई नाही, लेकरू नाही. इंग्रजी शब्द नात्यापासून निघून आकारापर्यंत आला. आपला शब्द आकारापाशीच जन्मला. दोघांची आज गाठ पडली आहे, म्हणून आजच्या रूढ अर्थी ‘मेट्रोपोलिस’ला ‘महानगर’ म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. जुन्या ग्रीक अर्थी ‘मातृनगर’ म्हणावे, आणि धर्मसंस्थेच्या व साम्राज्याच्या अर्थाचे वर सांगितलेच आहे.

अडचण इंग्रजीने नव्हे, आपणच केलेली आहे. ‘म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ला आपण ‘महानगरपालिका’ म्हटले, ते नगरपालिकेपेक्षा वरची पालिका दाखवण्यासाठी. तेथे खरे तर ‘महा’ हे पालिकेचे विशेषण आहे, नगराचे नव्हे, आणि ‘महापालिका’ हा आटोपशीर पर्याय त्या दृष्टीने अधिक नेमका आहे. पण ‘महानगरपालिका’ म्हटल्यावर जिथे ती आहे ते महानगर, असा समज होणारच. २०१६ साली पनवेल, २०२२ साली इचलकरंजी आणि २०२३ साली जालना येथे महानगरपालिका झाली. ही शहरे कर्तबगार आहेत, पण त्यांना मेट्रोपोलिस कोणी म्हणणार नाही. उलट ‘मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण’ या नावात ‘महानगर’ हे ‘मेट्रोपॉलिटन’साठीच आले आहे, आणि ‘बृहन्मुंबई महानगरपालिका’ या नावातला ‘बृहन्’ हा तिसऱ्याच, म्हणजे ‘ग्रेटर’ या शब्दासाठी आहे. भाषांतर करणाऱ्याने हे तीन शब्द वेगळे ठेवले नाहीत, तर बातमीत पालिकेची हद्द आणि प्रदेशाची हद्द एक होऊन बसते. माझी सूचना अशी की संस्थेचे अधिकृत नाव असेल तेथे ते तसेच लिहावे, अन्यत्र पालिकेसाठी ‘महापालिका’ आणि मेट्रोपोलिससाठी ‘महानगर’ राखून ठेवावा.

याच कुळातले आणखी दोन-तीन शब्द गोंधळ करतात. ‘कॉस्मोपॉलिटन’ म्हणजे महानगरी नव्हे. तो ‘विश्वाचा नागरिक’ असा शब्द आहे. ‘मेगालोपोलिस’ हे ग्रीसमधल्या आर्केडिया प्रदेशातल्या एका खऱ्या नगराचे नाव, ते इ.स.पू. चौथ्या शतकात आसपासची खेडी एकत्र करून वसवले गेले आणि पुढे इतके ओस पडले की ‘महापुरी म्हणजे महा-ओसाडी’ अशी थट्टा प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवली आहे. १९६१ साली जाँ गॉटमन या भूगोलज्ञाने बोस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या सलग शहरपट्ट्याला तेच नाव दिले. आणि ‘कॉनर्बेशन’, म्हणजे वाढता वाढता एकमेकांत मिसळून गेलेल्या शहरांचा पुंजका, हा शब्द स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ साली रूढ केला. तेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. ठाणे, कल्याण, भिवंडीकडे पाहताना त्यांचा शब्द ‘मेट्रोपोलिस’पेक्षा अधिक चपखल वाटतो. नवी मुंबईच्या बाबतीत मात्र, मुंबईतली गर्दी बाहेर काढून खाडीपलीकडे नवे नगर वसवण्याचा तो प्रयत्न असल्यामुळे, मुंबईला जुन्या ग्रीक अर्थानेही मेट्रोपोलिस म्हणता येईल.

लेखनाबद्दल एवढेच, की इंग्रजी उच्चार ‘मिट्रॉपलिस’च्या जवळ जाणारा असला, तरी मराठीत ‘मेट्रोपोलिस’ रुळला आहे आणि तोच ठेवावा. विशेषण करताना ‘मेट्रोपॉलिटन’ असा ‘पॉ’ येतो, कारण इंग्रजीत आघात त्या अक्षरावर सरकतो.