टँकरवरची नोकरी: जहाज निर्बंधांखाली आहे का, कसं तपासायचं?

दापोलीच्या मुलाला दुबईचा एजंट इराणी तेलाच्या टँकरवर बोलावतोय, तर पैसे देण्याआधी जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मागा. नाव नि झेंडा रातोरात बदलतात, हा नंबर बदलत नाही. तो इक्वासिसवर (जहाजांची माहिती देणारी वेबसाइट; मोफत आहे, नोंदणी लागते) आणि अमेरिकेच्या ओफॅक यादीत (निर्बंधांची सरकारी यादी) शोधा. इक्वासिसवर विमा कंपनीची जागा रिकामी असेल तर थांबा. खरी गोम तिथेच आहे: निर्बंध लागले की विमा जातो, बँक पगार अडवते, पोरगा नांगरावरच अडकतो. एरवी मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं, तर एमएलसी करारानुसार (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि परतीचा खर्च विम्यातून मिळतो. दोन महिने पगार थकला की आयटीएफच्या (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) निरीक्षकाला कळवा. खलाशी कुठल्या देशाचा हे ते बघत नाहीत. आणि एजंटाकडे डीजी शिपिंगचा (भारत सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल परवाना, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, नसेल, तर पुढे बोलूच नका.